बॅटरीची पणती

सिगरेट निदान संपायची तरी. पेटवली, ओढली, बुटाखाली चिरडली, माणूस आपल्या कामाला मोकळा. या व्हेपवर, या बॅटरीच्या सिगरेटवर, चारुदत्तचा पहिला राग हाच होता, की हे मेलं संपतच नाही. दोन झुरके घेऊन खिशात टाकायचं, जरा वेळानं परत काढायचं, परत दोन झुरके, आणि एवढं करून ओढल्याचं समाधान म्हणून नाही. वर त्याचे लाड किती! फोनच्या शेजारी चार्जिंगला लावा. टाकीत रस भरा. आतली कॉइल जळली की बदला, नाहीतर तोंडात जळक्या कापसाची चव. खिशात आडवं झालं की गळतं, आणि मग ऑफिसच्या मीटिंगमध्ये शेजारचा माणूस नाक वर करून विचारतो, आंबा कोण खातंय? डब्लिनमध्ये, भर नोव्हेंबरात, आंबा!

वीस वर्षं सिगरेट ओढली होती त्यानं. पुण्याला कॉलेजबाहेरच्या टपरीवर सुरुवात केली आणि इथं आल्यावर सँडीफोर्डच्या ऑफिसमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती चालू ठेवली. त्या शेडला काही तोड नव्हती. पाऊस तिरका यायचा, अर्धी पाठ भिजायची, पण कंपनीत कोण जाणार, कोण येणार, कुठल्या साहेबाचं कुणाशी वाजलंय, सगळं तिथं आधी कळायचं. व्हेप घेतल्यावर एकदा तो तिथं गेला, तर शेडमधल्या मंडळींनी त्याचं नाव फ्रूट सॅलड ठेवलं. हसला तो, पण परत गेला नाही. बरं, व्हेपवाल्यांची अशी काही जागाच नसते. जो तो आपापल्या कोपऱ्यात तोंडात बाटली धरलेल्या बाळासारखा एकटा उभा.

मग घेतलं कशाला हे लोढणं गळ्यात? तर बाबांमुळे.

त्याचे बाबा, पुरुषोत्तमराव, सांगलीला वीज मंडळात होते आणि उभा जन्म त्यांनी सिगरेट ओढली. दर पाडव्याला आईला सांगायचे, "सुलभा, आजपासून सोडली." दुसऱ्या दिवशी परसात पाण्याच्या टाकीमागून धूर. आई तिकडं बघायची नाही, बोलायचीही नाही, कपडे वाळत घालायची जागा तेवढी बदलायची. शेवटी व्हायचं तेच झालं, फुफ्फुसं गेली. नाकात ऑक्सिजनची नळी असताना ते चारुदत्तला म्हणाले, "तू ओढतोस ते ठाऊक आहे मला. सोड." आणि चारुदत्तनं क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं, "सोडली, बाबा." तेव्हा त्याच्या पँटच्या खिशात भरलेलं पाकीट होतं.

त्याच आठवड्यात बाबा गेले. आणि आईनं ते वाक्य ऐकलेलं होतं! दिवसकार्याला आल्यागेल्या प्रत्येकाला ती सांगत सुटली, "आमच्या चारूनं वडिलांच्या एका शब्दाखातर सोडली हो." आता एवढा गाजावाजा झाल्यावर माणसानं करायचं काय? डब्लिनला परतल्यावर त्यानं सिगरेट खरोखर बंद केली आणि हे यंत्र आणलं. बायकोला, विभावरीला, त्यानं मोठ्या तोऱ्यात विचारलं, "सिगरेट सोडली की नाही? सोडली. झालं तर मग!"

"झालंच की," विभावरी म्हणाली. "एवढं फक्त आईंना नीट समजावून सांग."

ते काही त्याच्यानं झालं नाही. आणि आता आई तीन महिन्यांसाठी इथं आली होती. बाबांचा वर्षाचा दिवसही इथंच करायचा ठरला होता. पुण्याचे गुरुजी व्हिडिओवरून सांगणार, चारुदत्त पाटावर बसून करणार. आईनं बॅगेत बाकी काही आणलं नसेल, पण लग्नातलं चांदीचं निरांजन, फुलवातींचा डबा आणि धूप आठवणीनं आणलं होतं. बाबांचा फोटो तिनं खिडकीशी मांडला. रोज तिन्हीसांजेला तिथं दिवा, उदबत्ती, आणि गुरुवारी धूप. "त्या दिवशी मात्र सकाळपासून सांजेपर्यंत दिवा विझू द्यायचा नाही," ती आल्याआल्याच म्हणाली होती. "एवढं एकच त्यांच्यासाठी करायचं राहिलंय माझं."

फ्लॅट चौथ्या मजल्यावर. छताला धुराचा भोंगा, आणि तो इतका नाजूक की पहिल्याच दिवशी आईच्या फोडणीला बोंबलला. तेव्हा विभावरीनं आईला सांगून ठेवलं, "आई, धूप लावलात की बाहेरचं दार जरा उघडं ठेवत जा, धूर जाऊ दे बाहेर." आई शब्दाची पक्की. दर गुरुवारी दार वितभर उघडं.

आणि त्याच मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला, आगीच्या वेळी उतरायचा जिना होता. लिफ्ट असल्यानं त्या जिन्याकडं एरवी कुणी फिरकत नसे. सिगरेट असती तर चारुदत्त निमूटपणे खाली कचऱ्याच्या डब्यांपाशी गेला असता, पावसात भिजला असता. पण ही तर वाफ! वाफेला कोण विचारतं? आई आल्यापासून तो रोज 'फोन आलाय' म्हणून उठायचा आणि त्या जिन्यात उभा राहायचा.

त्या गुरुवारी ऑफिसात त्याचं डोकं उठलं होतं. त्याचं काम क्वालिटीचं. औषधांच्या कारखान्यात कुठं काही चुकलं की मुळात का चुकलं ते शोधून काढायचं आणि अहवाल लिहायचा. 'माणसाची चूक' एवढंच लिहून भागत नाही तिथं, त्यापलीकडचं कारण द्यावं लागतं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांची पाळंमुळं खणून तो घरी आला, बूटही न काढता जिन्यात गेला. नवी कॉइल घातली होती, वाफ भरपूर येत होती. त्यानं मान मागं टाकून छताकडं तोंड करून तीन लांबलचक झुरके सोडले. छतावरची पांढरी चकती लाल लुकलुकली.

आणि अख्खी इमारत केकाटायला लागली.

लिफ्ट बंद. माणसं जिन्यानं खाली. कुणी टॉवेलवर, कुणाच्या काखेत कुत्रं, कुणाच्या हातात अर्धं खाल्लेलं ताट. बाहेर पाऊस धो धो. चारुदत्त सगळ्यांच्या आधी खाली पोचला होता, कारण तो जिन्यातच होता. मागून विभावरी आली, आईला धरून. आईनं नऊवारीवर चारुदत्तचं जाकीट घातलेलं, पायात घरातल्या सपाता. सगळ्यात शेवटी त्यांच्याच मजल्यावरची ब्रीडा, ऐंशीच्या घरातली बाई, कठड्याला धरून एक एक पायरी उतरत आली आणि भिंतीला टेकून धापा टाकत उभी राहिली.

इमारतीची देखभाल बघणारा डेक्लन वर गेला, खाली आला. हसतच आला. "आग नाही, काही नाही. चौथ्या मजल्यावरून वाजलं. एका फ्लॅटचं दार उघडं होतं, आतून उदाचा धूर येत होता. सगळं ग्रँड, एकदम ठीक आहे."

लोकांनी वळून आईकडं पाहिलं. रागानं असं नाही पाहिलं कुणी, पण पाहिलं. आईला इंग्रजी येत नव्हतं, नजरा मात्र समजत होत्या.

"काय म्हणतोय रे तो, चारू?"

"तो म्हणतोय, धुपानं वाजला भोंगा."

यात खोटं काय होतं? डेक्लन तेच म्हणाला होता. चारुदत्तनं तर नुसतं मराठीत सांगितलं. खिशातलं यंत्र अजून कोमट होतं आणि मांडीला लागत होतं.

"अगं बाई," आई म्हणाली. तिनं भिजलेल्या त्या गर्दीकडं पाहिलं, ब्रीडाकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या रहिवाशांना ईमेल आला: मेणबत्त्या, उदबत्त्या लावताना कृपया काळजी घ्या. बस, एवढंच. पण चारुदत्तला प्रकरण मिटवायची घाई. दिवाच बंद झाला, भोंगाही परत वाजला नाही, की धुपावर शिक्कामोर्तब होऊन फाइल बंद! त्यानं आईला सांगितलं, "ज्योत लावू नका म्हणतायत, आई. इथले नियम फार कडक."

आईनं वाद घातला नाही. तिनं निरांजन घासून, पुसून, फडक्यात गुंडाळून बॅगेत ठेवलं. विभावरीनं प्रेस उघडून दिवाळीला आणलेली बॅटरीची पणती काढून दिली. इथं राहून राहून ती कपाटाला प्रेसच म्हणायची. प्लॅस्टिकची पणती, वर पिवळा दिवा, आणि तो खऱ्यासारखा थरथरावा म्हणून आत काहीतरी खटपट केलेली. तिन्हीसांजेला आईनं पणतीच्या बुडाचं बटण दाबलं आणि हात जोडले. मग जोडलेले हात तसेच ठेवून नुसती बघत राहिली.

"वास नाही, ऊब नाही," ती म्हणाली. "असू दे. परक्या मुलखात एवढं तरी आहे."

चारुदत्तच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर राग काढावा तेही कळेना. डेक्लनवर? त्या लुकलुक्या चकतीवर? ज्यानं आंब्याची वाफ विकायला काढली त्या शहाण्यावर? तो 'फोन आलाय' म्हणून उठला आणि थेट खाली कचऱ्याच्या डब्यांपाशी जाऊन पावसात उभा राहिला. यंत्राचं बटण दाबलं. बॅटरी उतरलेली. त्यानं डब्याला लाथ घातली, आणि पाय दुखावला.

शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी चहा पिताना आई म्हणाली, "चारू, माझं तिकीट जरा अलीकडचं बघ की. वर्षाच्या दिवसाआधी घरी गेले तर बरं. तू इथं कर, मी तिथं दिवा लावते."

"तिथं कोण आहे, आई? घर बंद आहे."

"बंद असलं तरी माझं आहे. तिथं दिवा लावला म्हणून कुणी पावसात उभं राहत नाही." मग हळूच म्हणाली, "आणि जायच्या आधी मजल्यावरच्या सगळ्यांची माफी मागून जाते. लाडू करते बेसनाचे. तू ये माझ्याबरोबर. मला काय बोलता येतंय?"

दुपारी बेसन भाजल्याचा वास घरभर सुटला. आई जरा आडवी झाली, तेव्हा विभावरीनं चारुदत्तला स्वयंपाकघरात गाठलं.

"तू होतास जिन्यात."

"कोण म्हणालं?"

"कुणी म्हणायला कशाला पाहिजे? आम्ही धावत खाली आलो तर तू आधीच तिथं, बूट घातलेले, आणि स्वेटरला आंब्याचा घमघमाट. मी काय आज लग्न करून आलेय?"

"सांगतो ना मी. वेळ बघून सांगतो."

"वेळ! तिकीट काढल्यावर सांगशील? विमानतळावर?" तिनं लाडू इतक्या जोरात वळला की तो फुटला. "दार उघडं ठेवा म्हणून मी सांगितलं त्यांना. दोन रात्री मला झोप नाही, माझंच चुकलं म्हणून. आणि तू मूग गिळून बसलायस."

"मग तू सांगून टाक."

"मी नाही सांगणार. आई तुझी आहे. आणि उद्या तुझी आई दारोदार जाऊन तुझ्या चुकीची माफी मागणार आहे, तू शेजारी उभा राहून ती इंग्रजीत सांगणार आहेस. जमेल ना?"

त्यानं फुटलेला लाडू उचलून तोंडात कोंबला.

रविवारी चार वाजता आई निघाली. ठेवणीतली निळी नऊवारी नेसून, केसांना तेल लावून, हातात लाडवांचे डबे. चारुदत्त मागून. पहिल्या दारात ब्राझीलचं एक तरुण जोडपं होतं. आई म्हणाली, "सॉरी. व्हेरी सॉरी." मग चारुदत्तकडं वळून, "सांग त्यांना, मी म्हातारी आहे, मला इथलं कळत नाही, पुन्हा असं व्हायचं नाही म्हणावं."

चारुदत्तनं सांगितलं. ते दोघं आईला मिठीच मारायला आले. "अहो, काय त्यात! आमचं तर रोज टोस्ट जळतं." दुसऱ्या दारातल्या माणसानं कानातलं काढून "नो बॉदर" म्हटलं, लाडू तिथंच तोंडात टाकला आणि डोळे मोठे केले. आई जरा सुखावली. आई आपलं पूर्ण बोलायची, म्हातारी आहे, कळत नाही, पुन्हा व्हायचं नाही. चारुदत्त मात्र त्यातलं दर दारी थोडं थोडं कमी सांगायला लागला. शेवटी शेवटी तर नुसतं "ती सॉरी म्हणतेय" एवढंच.

शेवटचं दार ब्रीडाचं. आतून खोकल्याचा आवाज आला, मग सावकाश पावलं. दार उघडून ब्रीडा चौकटीला धरून उभी राहिली. गळ्याला लोकरीची शाल, नाक लाल.

"भिजल्यामुळं ना रे?" आई चारुदत्तला कुजबुजली. "विचार की. त्या दिवशी भिजल्यामुळंच ना?"

त्यानं विचारलं. ब्रीडा हात झटकून म्हणाली, जरासा सर्दीखोकला आहे, दर हिवाळ्यात होतो, तुझ्या आईनं मनाला लावून घेऊ नये. हे चारुदत्तनं मराठीत सांगितलं, शब्दही गाळला नाही. पण आईचं लक्ष त्या खोकल्याकडं. तिनं डबा चारुदत्तच्या हातात दिला, पदर सारखा केला, आणि तिथं कॉरिडॉरच्या त्या राखाडी गालिच्यावर ती वाकली. ब्रीडाच्या लोकरीच्या सपातांपर्यंत हात नेला. मोठ्या बाईची माफी मागायची तर दुसरी कुठली पद्धत तिला ठाऊक होती?

ब्रीडा घाबरून मागं सरकली. "अरे देवा, पडतेय ती! धर तिला!"

"आई, नको!" चारुदत्त ओरडला. डबा पडला, लाडू गालिच्यावर घरंगळले. त्यानं आईचे दंड धरले. "उठ. उठ तू आधी. तू नाही केलंस. तुझ्या धुपानं नाही वाजला भोंगा. मी होतो. मी जिन्यात ओढत होतो."

आई वाकलेलीच होती. हळूहळू सरळ झाली.

"काय ओढत होतास?"

"सिगरेट नाही, आई. ते एक मशीन असतं. वाफ असते नुसती."

"सोडली म्हणालास."

"सिगरेट सोडली..."

"बाबांना काय म्हणालास? मशीन घेईन म्हणालास?"

ब्रीडा एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती. "काय झालं? चक्कर आली का तिला? काय बोललास तू?"

आता हेही भाषांतर त्यालाच करायचं होतं! त्यानं केलं. त्या दिवशी जिन्यात मी व्हेप ओढत होतो, भोंगा माझ्यामुळं वाजला, हिला आत्ता सांगितलं. एवढं सांगताना त्याचं इंग्रजी दहावीतल्या पोरासारखं अडखळलं.

ब्रीडानं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "म्हणजे ही बिचारी तुझ्यासाठी माझ्या पाया पडत होती?" ती म्हणाली. "काय मूर्ख आहेस रे तू! अगदी पक्का मूर्ख. आणि हे तिला माझ्या भाषेत कळायचं नाही, तेव्हा तूच सांग."

"काय म्हणते ती?" आईनं विचारलं.

"ती म्हणते," चारुदत्तनं सांगितलं, "मी मूर्ख आहे."

"बरोबर म्हणते," आई म्हणाली.

ब्रीडानं पुढं होऊन आईचा हात धरला, तिला आत घेतलं आणि दार लावून टाकलं. चारुदत्त बाहेर. गालिच्यावरचे लाडू वेचत तो गुडघ्यांवर बसला. आतून किटलीची शिट्टी ऐकू आली, कपबशा वाजल्या, ब्रीडाचं इंग्रजी आणि आईचं मराठी एकामागून एक ऐकू येत राहिलं. कोण कुणाला काय समजत होतं देव जाणे. त्याचा हात सवयीनं खिशात गेला. त्यानं तो बाहेर काढला आणि स्वतःलाच एक कचकचीत शिवी दिली.

घरी आल्यावर त्यानं डेक्लनला फोन लावला आणि झालं ते सांगितलं. डेक्लन खो खो हसला. मग म्हणाला, परत जिन्यात दिसलास तर मात्र हसणार नाही. "आणि दिव्याचं काय?" चारुदत्तनं विचारलं. "दिवा? दिव्याला कोण नाही म्हणालं? माझी स्वतःची आई घरभर मेणबत्त्या लावते. पडद्यापासून लांब ठेवा म्हणजे झालं."

चारुदत्त तसाच आईकडं गेला. ती ब्रीडाकडून परतून फोटोसमोर बसली होती, पणती लुकलुकत होती.

"आई, निरांजन काढ. परवानगी आहे. बंदी कधी नव्हतीच. मीच... मीच उगीच सांगितलं तसं."

आईनं वळूनही पाहिलं नाही. "राहू दे. हीच असू दे आता."

"अगं, पण आता काय हरकत आहे?"

"तुझं ते मशीन तुझ्या खिशात आहे ना? मग माझंही मशीन इथं राहू दे. तुझं सुटलं की मला सांग. मी माझं निरांजन काढते."

"आणि वर्षाचा दिवस?"

"तोवर बघ की."

"तिकिटाचं काय करू मग?"

"तिकीट कशाला?" आई आता मात्र वळली, आणि तिचा आवाज चढला. "मी काही केलेलं नाही!"

मग सुरू झाला तो आठवडा. चारुदत्तनं यंत्र प्रेसमध्ये सर्वांत वरच्या फळीवर, पुरणयंत्राच्या मागं टाकून दिलं. दंडाला निकोटिनची पट्टी चिकटवली, तोंडात निकोटिनचं गम ठेवलं. तिसऱ्याच दिवशी त्याची अशी अवस्था झाली की ट्रॅममध्ये शेजारी बसलेल्या माणसाच्या चघळण्याच्या आवाजानं त्याला रडू यायला लागलं. ऑफिसात एका अहवालावर त्यानं इतक्या खवचट शेऱ्यांची माळ लावली की साहेबानं बोलावून, "घरी सगळं ठीक आहे ना?" म्हणून विचारलं. घरी भाजीत मीठ कमी, टीव्हीचा आवाज जास्त, टॉवेल ओला, सगळ्यावर खेकसायचं. विभावरीनं दोनदा ऐकून घेतलं आणि तिसऱ्यांदा टॉवेल त्याच्या अंगावर भिरकावला. आई मात्र सांजेला बटण दाबायची, हात जोडायची. ती थरथरती पिवळी ज्योत बघितली की चारुदत्तला वाटायचं, उचलून खिडकीबाहेर फेकावी.

आणि इतकं सगळं सोसून, वर्षाच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी, त्यानं ओढलीच. खुर्चीवर चढून पुरणयंत्र सरकवलं, यंत्र खिशात घातलं, खाली डब्यांपाशी गेला आणि डोळे मिटून ओढली. छातीत बरं वाटलं. लगेच इतकं वाईट वाटलं की तो तिथंच पाण्यात उकिडवा बसला. झक मारली आणि इतके दिवस जीव जाळला, असं त्याला झालं.

सकाळी पाट मांडला. टॅबलेटवर गुरुजी दिसायला लागले, त्यांच्या मागं पुण्याचं लख्ख ऊन. चारुदत्त अंघोळ करून, उपरणं घेऊन उभा. विभावरी पानं पुसत होती. आईनं फोटोशेजारची पणती बंद करून बाजूला ठेवली होती आणि तिच्या जागी फडक्यातलं निरांजन आणून मांडलं होतं. त्यात तुपात भिजवलेली फुलवात. तिच्या हातात काड्यापेटी.

"दिवा लावून घ्या," गुरुजी म्हणाले.

आईनं काडी काढली. पेटवली नाही. चारुदत्तकडं पाहिलं.

"लावू?"

'हो' म्हणायचं होतं फक्त. 'सोडली, आई, लाव.' कोण बघायला आलं होतं डब्यांपाशी? शब्द जिभेवर तयारच होता, बाबांपुढं तयार होता तसाच. तो एकदा म्हटला की वर्षाचा दिवस नीट पार पडणार होता, दिवा लागणार होता, आई खूश होणार होती, आणि उद्यापासून तो खरंच सोडणार होता.

"नको, आई," तो म्हणाला. "काल ओढली मी. खाली, डब्यांपाशी. सुटली नाही माझी."

"आवाज येत नाहीये, चारुदत्तराव," गुरुजी म्हणाले. "दिवा लागला का?"

विभावरी पानं पुसायची थांबली. आईनं बाबांच्या फोटोकडं पाहिलं. मग तिचे डोळे भरून आले.

"जन्मभर 'सोडली, सोडली'च ऐकत आले मी," ती म्हणाली. "सुटली नाही, असं या घरात पहिल्यांदा कुणीतरी सांगतंय."

तिनं काडी ओढली. ज्योत तळहातानं झाकत वातीला लावली. घरभर तुपाचा वास पसरला.

"बस पाटावर," ती म्हणाली. "गुरुजी थांबलेत."

विभावरीनं आधी जाऊन बाहेरचं दार घट्ट लावलं, आणि मग खिडकी उघडली.